शेवटी १, ३, ७, ९ आलं म्हणून संख्या मूळ होत नाही

‘मूळ संख्या दोन सेकंदांत ओळखा’ अशा मथळ्याचा एक मजकूर सोलापुरातल्या शिष्यवृत्तीच्या, पोलीस भरतीच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतो आहे. ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. संख्येचा शेवटचा अंक १, ३, ७ किंवा ९ असेल आणि अंकांच्या बेरजेला ३ ने भाग जात नसेल, तर संख्या मूळच (१ आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी) समजा, असं त्यात म्हटलं आहे. आणखी खात्री हवी तर ती ६ च्या पटीच्या एक अलीकडे किंवा एक पलीकडे आहे का तेवढं बघा. १ हीसुद्धा मूळ संख्या आहे. मूळ संख्या ‘कायम’ देणारी तीन सूत्रंही दिली आहेत. संख्या संयुक्त (छोट्या संख्यांच्या गुणाकारात फुटणारी) ठरवायची तर निम्म्यापर्यंत भाग देत सगळे विभाजक काढावे लागतात, ती कटकट या युक्तीने वाचते. आणि समारोप असा, की ही प्राचीन भारतीय युक्ती पाठ्यपुस्तकात मुद्दाम देत नाहीत, कारण ती सगळ्यांना कळली तर बँकांची कुलपं उघडतील.

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. पण सगळ्या चुका एका जातीच्या नाहीत, म्हणून एकेक घेऊ.

‘शेवटी १, ३, ७, ९ आणि बेरजेला ३ ने भाग नाही, म्हणजे मूळ’

यात खरं काय ते आधी मान्य करू. २, ३ आणि ५ सोडल्या तर कोणत्याही मूळ संख्येच्या शेवटी सम अंक किंवा ५ येऊ शकत नाही आणि तिच्या अंकांची बेरीज ३ च्या पटीत असू शकत नाही. त्यामुळे या चाचणीत जी संख्या नापास होते ती नक्की संयुक्त. सोलापूर शहराचा पिनकोड ४१३००१ घ्या. अंकांची बेरीज ९, म्हणजे ३ ने भाग जाणार, विषय संपला. इथपर्यंत फॉरवर्डवाल्याशी माझं भांडण नाही.

भांडण ‘पास’ झालेल्या संख्यांबद्दल आहे. पास होणं म्हणजे २, ३ आणि ५ ने भाग जात नाही, एवढंच. ७ ने जातो का, ११ ने, १३ ने, १७ ने? याबद्दल चाचणी अवाक्षर बोलत नाही.

उदाहरणं शोधायला सोलापूरकराला लांब जायला नको. लँडलाइनच्या काळात घरोघरी पाठ असलेला आपला एसटीडी कोड ०२१७. पुढचं शून्य सोडा. २१७ च्या शेवटी ७ आहे, बेरीज १०, फॉरवर्डनुसार पास. आणि २१७ = ७ × ३१. परदेशातून फोन करणारा त्याच्याआधी ९१ लावतो. ९१ सुद्धा पास, आणि ९१ = ७ × १३; ज्यांच्याकडून लहानपणी पाढे घोकून घेतले गेले त्यांच्या तोंडून ‘तेरा साते एक्याण्णव’ आपोआप येईल. आपल्याकडचे पिनकोड ज्या ४१३ ने सुरू होतात तो आकडाही पास, आणि ४१३ = ७ × ५९. तिन्हींत ७ लपलेला. ‘सात रस्ता’ नावाचा चौक असलेल्या गावाला हे शोभतंच म्हणा. गाड्यांवरचा एमएच १३ मधला १३ तेवढा खरोखर मूळ आहे.

मोठी संख्या हवी असेल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या पत्त्यातला पिनकोड बघा, ४१३००३. शेवटी ३, बेरीज ११, म्हणजे बिनविरोध पास. प्रत्यक्षात ४१३००३ = १९ × २१७३७. कागदावर गुणून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

मग इतक्या लोकांना युक्ती बरोबर का वाटते? कारण लोक ती १०० च्या आतल्या संख्यांवर तपासतात. तिथे १ वगळता फक्त तीन संख्या फसवतात: ४९, ७७ आणि ९१. बाकी २२ संख्या पास होतात आणि खरंच मूळ निघतात. पण तीन अंकी संख्यांत गेलं की चित्र पालटतं. १०० ते ९९९ मध्ये या चाचणीत २४० संख्या पास होतात, त्यांपैकी मूळ फक्त १४३. उरलेल्या ९७ संयुक्त. म्हणजे दर दहा ‘मूळ’ संख्यांमागे चार खोट्या. चार अंकी संख्यांत २४०० पास होतात आणि त्यांतल्या १३३९ संयुक्त असतात. तिथे तर नाणं उडवून उत्तर दिलेलं बरं.

फॉरवर्डमध्ये १०७, २११, ३०७ आणि ५०३ ही उदाहरणं दिली आहेत. चारही मूळ आहेत, त्यात खोट नाही. पण निवड बघा. २११ च्या शेजारची २०९ का नाही घेतली? ती ११ × १९. ३०७ च्या आधीची ३०१? ७ × ४३. ५०३ च्या आधीची ४९७? ७ × ७१. तिन्ही चाचणीत पास होतात. परीक्षेत प्रश्न काढणारा नेमकी याच संख्यांची वाट बघत असतो. ‘पुढीलपैकी मूळ संख्या कोणती’ म्हणून ९१, ११९, १२७ आणि १३३ असे चार पर्याय दिले, तर फॉरवर्ड पाठ केलेल्या मुलाला चारही मूळ वाटतील. खरी फक्त १२७. ११९ म्हणजे ७ × १७ आणि १३३ म्हणजे ७ × १९.

ही युक्ती दुरुस्त करणं अवघड नाही. तिच्यात ७ ची कसोटी मिळवा, की १ आणि खुद्द २, ३, ५, ७ वगळता १२० पर्यंत ती अचूक चालते (१२१ ला ११ × ११ आडवी येते). ७ ची कसोटी अशी: शेवटचा अंक दुप्पट करा आणि उरलेल्या संख्येतून वजा करा. २१७ मध्ये २१ − १४ = ७, म्हणजे भाग जातो. ४१३ मध्ये ४१ − ६ = ३५, जातो. १२७ मध्ये १२ − १४ = −२, जात नाही. हे का चालतं तेही मुलांना सांगावं, नाहीतर हीसुद्धा एक युक्तीच होऊन बसते. २१७ = १० × (२१ − १४) + २१ × ७ असं लिहिता येतं. दुसऱ्या भागात २१ असल्यामुळे त्याला ७ ने भाग जातोच, त्यामुळे सगळा निकाल कंसावर ठरतो.

मोठ्या संख्येसाठी १००१ ची मदत घ्या. १००१ = ७ × ११ × १३. म्हणून सहा अंकी संख्येचे तीन-तीन अंकांचे दोन तुकडे करून वजाबाकी केली, की ७, ११ आणि १३ या तिघांचा निकाल एकदम लागतो. ४१३००३ साठी ४१३ − ३ = ४१०. ४१० ला तिघांपैकी कोणाचाच भाग जात नाही, म्हणून ४१३००३ लाही जात नाही. पुढे १७ ने बघितलं, बाकी ५ उरली. १९ ने बघितलं आणि सापडलं.

‘६ च्या पटीच्या एक अलीकडे किंवा पलीकडे, म्हणजे मूळ’

यावर फार वेळ घालवायला नको. ३ पेक्षा मोठी प्रत्येक मूळ संख्या ६ च्या पटीच्या शेजारी असते, हे खरं. उलटं खरं नाही. पंढरपूरचा प्रत्येक माणूस सोलापूर जिल्ह्यातला असतो, म्हणून जिल्ह्यातला प्रत्येक माणूस पंढरपूरचा ठरत नाही. २५, ३५, ४९ आणि ५५ या सगळ्या ६ च्या पटीच्या शेजारी बसल्या आहेत. २१७ ही २१६ च्या पुढची आणि ४१३ ही ४१४ च्या मागची. शिवाय ही वेगळी चाचणी नाहीच. ती फक्त २ आणि ३ चा भाग तपासते, आणि ते काम वरच्या चाचणीने आधीच केलं आहे. ‘आणखी खात्री’ म्हणून तीच तपासणी पुन्हा केली तर खात्री वाढत नाही.

‘१ हीसुद्धा मूळ’

नाही. मूळ संख्येला बरोबर दोन वेगवेगळे विभाजक असतात, १ ला एकच आहे. ती संयुक्तही नाही. १ ला मूळ म्हटलं तर २१७ = ७ × ३१ = १ × ७ × ३१ = १ × १ × ७ × ३१ असे मूळ अवयव हवे तितक्या प्रकारे पाडता येतील, आणि ‘प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात’ हा नियम कोसळेल. लसावि आणि मसावि त्याच नियमावर उभे आहेत.

‘ही तीन सूत्रं कायम मूळ संख्याच देतात’

पहिलं सूत्र असं: कोणतीही संख्या क घ्या, तिच्या वर्गात क मिळवा आणि त्यात ४१ मिळवा. अठराव्या शतकातल्या ऑयलर या गणितज्ञाच्या नावाने हे ओळखलं जातं, आणि ते आहेही मोहात पाडणारं. क = ० पासून ३९ पर्यंत ओळीने चाळीस मूळ संख्या मिळतात. चाळीस! एवढा पुरावा पाहिल्यावर कुणाचाही विश्वास बसेल. पण क = ४० ठेवून बघा. ४० × ४० + ४० म्हणजे ४० × ४१, त्यात ४१ मिळवले की ४१ × ४१, म्हणजे १६८१. क = ४१ ठेवलं तर तिन्ही पदांत ४१ आहे, उत्तर ४१ × ४३. इथे भागाकार करून काही शोधावं लागत नाही, ४१ हा अवयव सूत्रातच बसलेला दिसतो. सूत्र कुठे फुटणार हे ते वाचताच कळतं, आणि तरी लोक चाळीस उदाहरणं मोजत बसतात.

उदाहरणांनी कसं फसवलं जातं याचा आणखी एक नमुना देतो, हा फॉरवर्डमध्ये नाही. ३१, ३३१, ३३३१, ३३३३१ असे ३ वाढवत जा. ३३३३३३३१ पर्यंत सगळ्या मूळ निघतात. त्यात आणखी एक ३ घातला की ३३३३३३३३१ = १७ × १९६०७८४३.

दुसरं सूत्र: पहिल्या काही मूळ संख्यांचा गुणाकार करा आणि १ मिळवा. २ + १ = ३, २ × ३ + १ = ७, मग ३१, २११, २३११, सगळ्या मूळ. पुढची २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ = ३००३१. आणि ३००३१ = ५९ × ५०९. हा गैरसमज युक्लिडच्या सिद्धतेतून आला आहे. मूळ संख्या अनंत आहेत हे दाखवताना त्या सिद्धतेत असाच गुणाकार अधिक १ केला जातो. पण मिळालेली संख्या मूळ असते असं तिथे म्हटलेलं नाही. तिचा एखादा मूळ अवयव आधीच्या यादीबाहेरचा असतो, एवढंच म्हटलं आहे. ५९ आणि ५०९ दोन्ही यादीबाहेरचेच आहेत, त्यामुळे युक्लिड शाबूत राहतो आणि फॉरवर्ड पडतो.

तिसऱ्या सूत्राचा इतिहास सगळ्यात रंजक आहे. मूळ संख्या घ्या, २ चा तितकावा घात करा आणि १ वजा करा. घात २, ३, ५ आणि ७ घेतले तर ३, ७, ३१ आणि १२७, चारही मूळ. (७ आणि ३१ यांचा गुणाकार आपला २१७, हे जाता जाता.) ११ वर मात्र गाडी रुळावरून घसरते: २०४८ − १ = २०४७ = २३ × ८९. ही गोष्ट १५३६ सालीच छापून आली होती, म्हणजे फॉरवर्डमधलं हे सूत्र मोडीत निघून पाच शतकं होत आली.

यातल्या कोणत्या घातांना खरंच मूळ संख्या मिळतात याची यादी मारें मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये दिली. त्यात ६७ होता. ६७ वा घात वजा १ म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, एकवीस अंकी संख्या. शेवटी ७ आहे म्हणून ती मूळ मानायची का? १८७६ मध्ये एदुआर लुका यांनी सिद्ध केलं की ती संयुक्त आहे. गंमत अशी, की त्यांनी तिचा एकही अवयव दाखवला नव्हता. पद्धत बरोबर होती, निष्कर्ष पक्का होता, पण अवयव कोणालाच माहीत नव्हते. ते ऑक्टोबर १९०३ मध्ये अमेरिकन गणित संस्थेच्या बैठकीत फ्रँक नेल्सन कोल यांनी मांडले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. असं सांगतात की कोल फळ्याजवळ गेले, एका बाजूला घात काढून १ वजा केला, दुसऱ्या बाजूला गुणाकार केला, दोन्ही उत्तरं जुळली, आणि एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसले. या गोष्टीला थोडी फोडणी दिलेली असेलही, गुणाकार मात्र तंतोतंत बरोबर आहे.

‘संयुक्त ठरवायला निम्म्यापर्यंत भाग देत सगळे विभाजक काढावे लागतात’

सगळ्यात जास्त नुकसान हा दावा करतो, कारण तो वाचून मुलं भागाकाराला घाबरतात आणि युक्तीकडे पळतात.

पहिली गोष्ट, सगळे विभाजक लागत नाहीत. एक पुरतो. ४१३००३ ला १९ ने भाग गेला त्या क्षणी ती संयुक्त ठरली. २१७३७ पुढे फुटते की नाही, याची चौकशी करायची गरज नाही. ‘१९ × २१७३७’ एवढं लिहिलं की सिद्धता पूर्ण. समोरच्याने तुमच्यावर विश्वास ठेवायचीही गरज नाही, त्याने गुणाकार करावा.

दुसरी गोष्ट, निम्म्यापर्यंत जायचं नसतं, वर्गमुळापर्यंत जायचं असतं. संख्या दोन अवयवांत फुटत असेल तर दोन्ही अवयव वर्गमुळापेक्षा मोठे असू शकत नाहीत, कारण मग गुणाकारच संख्येच्या पुढे जाईल. म्हणून छोटा अवयव वर्गमुळाच्या आत सापडलाच पाहिजे. आणि त्यातही फक्त मूळ संख्यांनी भाग द्यायचा. दोन अंकी संख्येसाठी २, ३, ५ आणि ७, संपलं. तीन अंकी कोणतीही संख्या असली तरी २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१ या अकरा संख्या पुरतात, कारण त्यापुढची ३७, आणि तिचा वर्ग १३६९. यांपैकी एकानेही भाग गेला नाही, तर संख्या मूळ आहे हे छातीठोकपणे सांगता येतं. ५०३ ला तर १९ च्या पुढे जावंच लागत नाही, कारण २३ चा वर्ग ५२९.

तिसरी गोष्ट, कित्येकदा भागाकारच करावा लागत नाही, संख्या कशी बनली आहे ते बघितलं की अवयव दिसतो. दहावीच्या मुलांना ‘७ × १३ × ३१ + ३१ ही संयुक्त आहे असं दाखवा’ अशा धाटणीचा प्रश्न दिला की अर्धी मुलं आधी गुणाकार करून २८५२ काढतात आणि मग भाग देत बसतात. ३१ सामाईक काढा: ३१ × (७ × १३ + १) = ३१ × ९२. झालं.

रामानुजन यांच्या नावाशी जोडलेली १७२९ घ्या. शेवटी ९, बेरीज १९, त्यामुळे ती मूळ आहे असं मानणारे पुष्कळ भेटतात. पण तिची जी प्रसिद्धी आहे, दोन घनांची बेरीज दोन प्रकारे, तीच तिचे अवयव सांगते. १२ चा घन अधिक १ चा घन, म्हणून (१२ + १) ने, म्हणजे १३ ने भाग जाणार. १० चा घन अधिक ९ चा घन, म्हणून (१० + ९) ने, म्हणजे १९ नेही जाणार. १७२९ = ७ × १३ × १९. दोन घनांच्या बेरजेचं सूत्र शाळेत शिकवतात, पण ते असं वापरून दाखवत नाहीत.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात हुशार मुलंही पडतात. सूत्राचे अवयव पाडले म्हणजे संख्या संयुक्त झाली असं नाही. दोन्ही अवयव १ पेक्षा मोठे आहेत हे दाखवावं लागतं. क चा चौथा घात अधिक ४ ही संख्या घ्या. तिचे अवयव पडतात: (क चा वर्ग + २क + २) आणि (क चा वर्ग − २क + २). क = ५ साठी ६२९ = ३७ × १७, छान. पण क = १ साठी काय? ५ = ५ × १. अवयव पडले, तरी ५ मूळच राहिली. म्हणून उत्तरात ‘क हा १ पेक्षा मोठा असल्यामुळे छोटा अवयवही १ पेक्षा मोठा’ ही ओळ लिहायलाच हवी.

आणि चौथी गोष्ट, जी लुका यांच्या सिद्धतेत डोकावून गेली: अवयव अजिबात न काढताही संख्या संयुक्त ठरवता येते. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाचा १६४० मधला नियम सांगतो की संख्या २ पेक्षा मोठी आणि मूळ असेल, तर २ चा तिच्यापेक्षा एकने कमी असलेला घात काढून तिनेच भागल्यावर बाकी १ उरते. ९१ वर लावून बघू. २ चा १२ वा घात ४०९६, आणि ४०९५ = ९१ × ४५, म्हणजे बाकी १. ९० म्हणजे बारा साते चौऱ्याऐंशी आणि वर ६. म्हणून २ च्या ९० व्या घाताची बाकी २ च्या ६ व्या घाताइतकी, म्हणजे ६४. ती १ नाही, म्हणून ९१ मूळ नाही. ७ आणि १३ यांचं नावही न घेता निकाल लागला.

पण याचंही फॉरवर्ड होऊ नये म्हणून लगेच सांगतो, बाकी १ उरली म्हणजे संख्या मूळ, असं उलटं म्हणता येत नाही. ३४१ ही ११ × ३१ आहे आणि तरी या चाचणीत बाकी १ च देते. १७२९ तर त्याहून बिलंदर. तिच्याशी सहमूळ असलेली (१ सोडून सामाईक विभाजक नसलेली) २ ऐवजी दुसरी कोणतीही संख्या घ्या, बाकी १ च येते.

‘प्राचीन भारतीय युक्ती, पुस्तकात मुद्दाम देत नाहीत’

शेवटचा अंक आणि अंकांची बेरीज या विभाज्यतेच्या कसोट्या शाळेच्या पुस्तकात छापलेल्या आहेत. ज्याला दडवलेलं म्हणता ते मुलांच्या दप्तरात आहे. पुस्तकाने त्या कसोट्यांना २, ३ आणि ५ च्या कसोट्या म्हटलं आहे, मूळ संख्येची कसोटी म्हटलेलं नाही, एवढाच फरक.

प्राचीन भारतीयच हवं असेल तर खरं आहे ते घ्या ना. नारायण पंडितांनी १३५६ मध्ये लिहिलेल्या ‘गणितकौमुदी’त संख्येचे अवयव काढण्यावर वेगळं प्रकरण आहे. त्यातली वर्गांच्या वजाबाकीची पद्धत युरोपात जवळपास तीनशे वर्षांनी फर्माच्या हातून पुन्हा आली. ती अशी: संख्येच्या लगतचा मोठा वर्ग घ्या आणि त्यातून संख्या वजा करा. उरलेला आकडाही वर्ग असेल तर अवयव मिळाले, नसेल तर पुढचा वर्ग घ्या. १५९१ वर करून बघा. ही फॉरवर्डच्या दोन्ही चाचण्यांत पास होते. लगतचा वर्ग १६००, म्हणजे ४० चा. १६०० − १५९१ = ९, म्हणजे ३ चा वर्ग. म्हणून १५९१ = (४० − ३) × (४० + ३) = ३७ × ४३. एका ओळीत. असं हातात असताना लोक खोट्या युक्तीला ‘प्राचीन’ची चिठ्ठी का लावतात, हे मला समजत नाही.

आधुनिक भारतीयही आहे. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी अशी पद्धत दिली, की दिलेली संख्या मूळ की संयुक्त याचं उत्तर कधीही न चुकता मिळतं, आणि अंक वाढले तरी लागणारा वेळ आटोक्यात राहतो. जगभर तिची वाहवा झाली. कुणीही ती दडवली नाही. आणि संख्या संयुक्त निघाली तर तिचे अवयव ती पद्धतही देत नाही.

बँकांच्या कुलपांचा सगळा खेळ तिथेच आहे. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या, संदेश कुलूपबंद करण्याच्या पद्धतीत दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार उघडपणे जाहीर केलेला असतो. तो संयुक्त आहे हे साऱ्या जगाला माहीत असतं, लपवलेले असतात ते दोन अवयव. तेव्हा ‘मूळ की संयुक्त’ ओळखण्याची कितीही झटपट युक्ती सापडली तरी या कुलपाचं काही बिघडत नाही. आज सर्रास वापरात असलेल्या अशा संख्येला ६१७ अंक असतात. संशोधकांनी आव्हान म्हणून जाहीर झालेली एक २५० अंकी संख्या फेब्रुवारी २०२० मध्ये फोडली, तेव्हा झालेली आकडेमोड संगणकाच्या एकाच कोअरवर केली असती तर सुमारे २७०० वर्षं लागली असती. हाती आले ते दोन अवयव, १२५-१२५ अंकांचे. त्यांचा गुणाकार करून उत्तर पडताळायला साधा मोबाइलही पापणी लवायच्या आत मोकळा होतो.